नानांना विचारून निघा

आमच्या सोसायटीत कुणी नवी बॅग आणली की नानांना त्याचा वास येतो. सकाळी दूध आणायला उतरलेल्या माणसाला ते जिन्यातच गाठतात. "कुठे, वेरूळ? मग आधी माझं ऐका!"

ऐकावंच लागतं. गाडीत कुठल्या बाजूची खिडकी धरावी, मिसळ कुठे खावी, रिक्षावाला दोनशे म्हणाला तर आपण ऐंशी कसं म्हणावं, सगळं एका दमात. 'बहुतेक' हा शब्द त्यांच्या तोंडी कधीच येत नाही. स्टेशनपासून देऊळ अर्धा तास, आणि पायथ्यापासून गडही अर्धाच तास!

तळमजल्यावरच्या कुटुंबाला त्यांनी सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ असा कार्यक्रम आखून दिला. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. इतकं नेमकं चुकायला अभ्यास लागतो. मंडळी दोन्हीकडे फाटकासमोर फोटो काढून परतली. नाना उलट त्यांच्यावरच उखडले, "मग दौलताबाद का नाही केलंत?"

एका नव्या जोडप्याला त्यांनी भर जुलैत मालवणला धाडलं, सिंधुदुर्ग बघायला. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, होड्या बंद. दोघांनी किनाऱ्यावरून, एका छत्रीखालून किल्ला पाहिला. यावर नाना म्हणाले, "तो लांबूनच भव्य दिसतो." राजापूरची गंगा साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण नेमकी कधी ते कुणालाच सांगता येत नाही. नाना मात्र तिची तारीख सांगतात, वर "सकाळच्या एसटीनं निघा" असंही.

इथवर हसून सोडून देता येतं. पण गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरची पोरं हरिश्चंद्रगडाला निघाली, तेव्हा नानांनी त्यांना पाचनईची सोपी वाट सोडायला लावली. "त्यात काय मजा? बेलपाड्यातून नळीच्या वाटेनं चढा!" ती वाट म्हणजे धोंड्यांनी भरलेली उभी घळ, तिथे वाट माहीत असलेला माणूस बरोबर लागतो. पोरं शहाणी, अर्ध्यातून परतली. घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. त्यांच्या आया जिन्यात बसून होत्या आणि नाना गाढ झोपले होते. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, "मी फक्त सुचवलं. जायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं."

नाना खोटारडे नाहीत. गडाची माहिती जावयाकडून ऐकलेली, वेरूळची शाळेच्या सहलीतली, आणि बाकीची दिवाळी अंकातली. स्वतः ते गुडघ्यामुळे कित्येक वर्षांत लोणावळ्यापलीकडे गेलेले नाहीत.

तेव्हा निघण्याआधी नानांना जरूर विचारा, नाहीतर त्यांना राग येतो. फक्त शेवटी एवढं विचारायला विसरू नका, "नाना, तुम्ही स्वतः तिथे कधी गेला होतात?" उत्तराऐवजी चहा आला, तर तो निवांत प्या आणि घरी येऊन त्या गावातल्या कुणालातरी फोन लावा.