म्हणे, आपण सगळे एक फॅमिली!

अहो, ऐकलंत का? कपडे मागाहून वाळत घाला, आधी अशा ग्रिलजवळ या. बी विंगमधल्या वहिनींचा धाकटा आहे ना, त्याच्या कंपनीत… कंपनीचं नाव नको बाई, उगाच कुणाच्या कानावर जायचं. तर परवा तिथे साहेबांचं मोठं भाषण झालं. "आपण एक फॅमिली आहोत" म्हणाले. टाळ्या, सेल्फी, वर सामोसे. आणि सोमवारी एचआरचा मेल, यंदा इन्क्रिमेंट नाही! वहिनी सांगताना हसत होत्या, पण चेहरा एवढासा झाला होता हो.

मी म्हटलं, अहो वहिनी, जन्म अंधेरीत गेला आणि फॅमिलीला भुलता? आपल्या डोळ्यांदेखत जेट एअरवेजचं काय झालं?

तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही तेव्हा इथेच होतात. १९९३च्या मे महिन्यात विमानं सुरू झाली आणि काय तो तोरा! पोरगी जेटला लागली की आईची मान ताठ. पुढे तो पिवळा कोट घालून मुली निघाल्या की अख्खी सोसायटी गॅलरीत. स्थळंसुद्धा… जाऊ दे, तो विषय निराळा.

तर काय सांगत होते, २००८चा ऑक्टोबर. दिवाळी दोन आठवड्यांवर. १३ तारखेला, सोमवारी, किंगफिशरशी हातमिळवणी जाहीर. कालपर्यंत एकमेकांचं तोंड न बघणारे जेटचे मालक गोयल आणि किंगफिशरचे मल्ल्या एकदम दोस्त! आणि त्याच आठवड्यात एकोणीसशे माणसांना नारळ. आधी आठशे, मग आणखी अकराशे. बरीचशी कोवळी पोरं, प्रोबेशनवरची. तेल महागलं, मंदी आली, सगळं खरं. पण त्या पोरांनी काय केलं होतं? युनिफॉर्म घालून ऑफिससमोर उभी, डोळ्यांतलं काजळ गालांवर आलेलं, आणि सगळं टीव्हीवर लाइव्ह.

मग पोरं गेली राज ठाकरेंकडे. त्यांनी ठणकावलं, यांना परत घेतलं नाहीत तर मुंबईतून तुमचं विमान उडू देणार नाही. झालं! गुरुवारी रात्री स्वतः नरेश गोयल कॅमेऱ्यासमोर. म्हणाले, पोरांचे अश्रू बघवत नाहीत, माफ करा, सगळे कामावर या. आणि हो, कुणाचाही राजकीय दबाव नाही, हेही आवर्जून सांगितलं. आता न विचारता एवढं सांगायचं म्हणजे… तुम्ही समजून घ्या.

आमचे हे तेव्हा म्हणाले, "बघ, माणूस दिलदार आहे." मी म्हटलं, दिलदार असतील हो, पण बुधवारी घराबाहेर काढायचं आणि गुरुवारी पोटाशी धरायचं, ही कसली घरची रीत? ह्यांनी पेपर वर केला. पेपर वर गेला की समजायचं, पटलंय.

पुढच्याच वर्षी जेटच्या पायलटांनी आपली संघटना काढली. दोघांना कामावरून काढलं आणि सप्टेंबरात बाकीचे शेकडो पायलट एकाच दिवशी आजारी! असा ताप कधी ऐकलात? चांगले पाच दिवस टिकला. प्रवासी बिचारे विमानतळावर बॅगा धरून. शेवटी तडजोड झाली आणि सगळ्यांना एकदम बरं वाटलं.

हं, तर मुद्दा पुढेच आहे. २०१९. पायलट, इंजिनिअर यांचे पगार आधीपासूनच अडकलेले. मार्चमध्ये गोयल पतिपत्नी बोर्डावरून उतरले. एप्रिलमध्ये कंपनीनं बँकांकडे तातडीचे चारशे कोटी मागितले, बँका नाही म्हणाल्या. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला शेवटचं विमान आलं, आणि संपलं. सहार रोडवर सिरोया सेंटरसमोर पुन्हा तीच गर्दी. पण या खेपेला नुसती तरणी पोरं नव्हती, वीस-पंचवीस वर्षं काढलेली माणसं होती. होम लोनवाली, मुलांच्या फिया भरणारी. रडणं तेच हो, पण रात्री टीव्हीवर येऊन "परत या" म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

नंतर पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठी कोर्टाच्या पायऱ्या. सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन कर्मचाऱ्यांच्या बाजूनं निकालही लागला, पण कंपनी घ्यायला पुढे आलेल्या नव्या मालकांची योजनाच रुळावर येईना. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ला त्याच कोर्टानं सांगितलं, कंपनी मोडीत काढा. विमानंही नाहीत, मालकही नाही.

आता तुम्ही म्हणाल, मालक वाईटच होता का? तसं नाही म्हणत मी. २००८ला त्यांना खरंच वाईट वाटलं असेल. पण नोकरी साहेबाच्या गहिवरावर टिकत असेल, तर साहेबाच्या रागावर जायचीही. युनियन नको, प्रश्न नकोत, कारण आपण फॅमिली! घरात हिशेब मागायचा नसतो ना, म्हणून ऑफिसला घर म्हणतात हे लोक.

वहिनींना मी एवढंच सांगितलं, तुम्हालाही सांगते, तुमची सूनही नोकरी करते म्हणून. साहेब कितीही गोड बोलू दे, महिन्याच्या महिन्याला मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून बघायचं, कंपनीनं पैसे भरलेत की नाही. आणि अपॉइंटमेंट लेटर नीट फायलीला लावून ठेवायचं. आजच सांगा तिला.