नाथांची पै

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे सकाळी जाणाऱ्या जीपा पाहिल्या, की त्यांतली बरीच माणसं दहाव्याला निघालीत हे सांगावं लागत नाही. मांडीवर पिशवी, पिशवीत तीळ आणि पीठ, डोक्यावर अजून केस. दुपारी हीच माणसं परत येतात तेव्हा केस गोदावरीच्या काठावर राहिलेले असतात. पितरांचं देणं फेडायची ही जुनी वाट. या वाटेवर चितेगाव लागतं, पण तिथं कुणी उतरत नाही. देण्याघेण्याच्या बाबतीत पैठणइतकाच चितेगावचाही अधिकार आहे, हे पुराणं लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं.

टीव्ही बनवणाऱ्या व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचा नोंदलेला पत्ता पाहा: १४ किलोमीटरचा दगड, औरंगाबाद–पैठण रोड, चितेगाव. आपल्याकडे बांधावरच्या दगडाला शेंदूर फासला की त्याचा म्हसोबा होतो. या दगडाला बँकांनी कर्ज फासलं. त्या काळात हे वेडेपणाचं वाटत नव्हतं. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागलं की लोक टीव्हीला हार घालत, उदबत्ती ओवाळत. आता टीव्हीच देव झाल्यावर टीव्ही बनवणाऱ्याला नाही कोण म्हणणार? मराठवाड्यात उद्योग येत नाहीत ही तक्रार पिढीजात. इथं तर घरचाच उद्योग दारात उभा होता. पैठण रोडच्या कितीतरी घरांत पगार, कर्जावरची मोटारसायकल आणि पोरांचं शिक्षण या कारखान्यानं आणलं, हेही खरं. नुसती टवाळी करून ते पुसता येणार नाही.

मग कर्ज थकलं आणि २०१८च्या जूनमध्ये हे प्रकरण मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेलं. समूहातल्या १३ कंपन्या, मान्य झालेले दावे सुमारे ६४ हजार ८३८ कोटींचे. २०२१च्या जूनमध्ये कर्ज निपटाऱ्याचा जो आराखडा मंजूर झाला, त्यात वेदान्त समूहाची ट्विन स्टार टेक्नॉलॉजीज देणार होती २ हजार ९६२ कोटी. मागितलेल्या दर शंभर रुपयांमागे चार रुपये पंधरा पैसे. ज्यांनी कारखान्याला माल पुरवला, कामं करून दिली, त्यांना शंभरामागे ७२ पैसे. मंजुरी देताना खुद्द न्यायाधिकरणालाही राहवलं नाही. घेणारा जवळपास काहीच देत नाही, ही केसकापणी (बँकांच्या भाषेत कर्जावर सोडलेलं पाणी) म्हणायची की संपूर्ण मुंडण, अशा अर्थाचा शेरा त्यांनी आदेशात मारला आणि त्याच आदेशानं मंजुरीही दिली. पैठणला ज्याच्या घरी सुतक, त्याचं डोकं न्हाव्यापुढे जातं. इथं ज्यानं उसनं दिलं त्याचं गेलं. पुढे २०२२च्या जानेवारीत अपिलीय न्यायाधिकरणानं ती मंजुरी रद्द करून प्रकरण धनकोंकडे परत पाठवलं. कापलेले केस पुन्हा चिकटवता येतात, अशी त्यांची श्रद्धा असावी.

श्रद्धेचं निघालंच आहे, तर आमची खरी अडचण सांगतो. आमची आजी म्हणे, कर्ज बुडवलं तर पुढच्या जन्मी सावकाराच्या दारात बैल होऊन ते फेडावं लागतं. या भीतीनं तिनं किराणा दुकानदाराची चवलीसुद्धा ठेवली नाही. पण कंपनीचं काय? कायद्याच्या लेखी तीही व्यक्तीच. तिला जन्म आहे, जन्मदाखला आहे, मरणही आहे. २०१६च्या दिवाळखोरी संहितेनं तिला पुनर्जन्मही दिला. आणि हा पुनर्जन्म कसा, तर आराखडा मंजूर झाला की मागचं संचित पुसलेलं, नवा मालक, कोरी पाटी. गीतेतही अशी सोय नाही. ऋषिमुनींनी ज्यासाठी हिमालयात आयुष्यं घालवली, ते मुंबईत धनकोंच्या समितीत मतदानानं मिळतं. बैल व्हायचं उरलं कुणासाठी, तर ज्यांच्या नावापुढे ‘मर्यादित’ लिहिलेलं नाही त्यांच्यासाठी.

नाथांनी हे ऐकलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे. पैठणचे एकनाथ तरुणपणी देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेब ठेवत. एका रात्री एक पै जुळेना. सगळे झोपले, हे दिवा लावून वह्या चाळत बसले. उत्तररात्री पै सापडली तेव्हा त्यांनी आनंदानं टाळी वाजवली आणि स्वामी जागे झाले. एवढं चित्त देवाकडे लावलंस तर देव भेटेल, असं गुरूंनी सांगितलं आणि नाथांनी ते ऐकलं. आमचं मत विचाराल तर स्वामींची घाई झाली. हा माणूस संत झाला आणि देश एका ऑडिटरला मुकला.

पै शोधायची ती विद्या बुडाली, असं मात्र कुणी समजू नये. ती गावपातळीवर उत्तम चालू आहे. भावंडांसह शुद्धिपत्र मागायला पैठणला गेलेल्या ज्ञानदेवांना रेड्याच्या तोंडून वेद वदवून भागलं. शेतकऱ्याला कर्ज देणाऱ्या सोसायटीचा बेबाकी दाखला तेवढ्यावर मिळत नाही. व्याजाचे शेवटचे चाळीस रुपये भरा, मग सातबाऱ्यावरचा बोजा उतरेल. तिथं केसकापणी नसते, समितीही नसते.

२०१७ साली राज्य सरकारनं शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा आकडा सांगितला ३४ हजार २२ कोटी आणि लाभार्थी ८९ लाख. अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा, मर्यादा दीड लाखाची. त्यावर महिनोन्‌महिने चर्चा झडल्या, कर्ज फेडण्याची शिस्त बिघडेल म्हणून मोठमोठ्या माणसांना झोप येईना. एका दगडापाशी ६० हजार कोटींहून जास्त सोडून द्यायचं ठरलं, तेव्हा शिस्तीला साधी शिंकही आली नाही. शेतकऱ्याच्या अर्जासाठी तर नवरा-बायको दोघांनी केंद्रावर जाऊन आधारला अंगठे लावायचे होते. खुरपं धरून रेघा झिजलेला अंगठा यंत्राला कळेना, की बाई पदराला हात पुसून पुन्हा रांगेत. चितेगावच्या पत्त्यासाठी कुणाच्या बायकोला बोलावलं होतं, याचा न्यायाधिकरणाच्या आदेशात उल्लेख नाही.