दिवस भरणारे दादा

दुबई-शारजात मराठी माणसांचा कुठलाही गणपती घ्या. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एक गृहस्थ असे भेटतातच, की "काय दादा, कसं काय?" असं विचारलं तर ते "चारशे बारा" म्हणतात. नवख्याला वाटतं, साखर वाढली असावी. जुनीजाणती मंडळी मात्र "अरे वा, निम्म्याच्या वर गेलात की!" म्हणून त्यांच्या पाठीवर थाप मारतात.

दादा कॅनडाचे कायमचे रहिवासी आहेत. राहतात शारजात.

यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. गल्फमधल्या मराठी मध्यमवर्गात असा एक दादा प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतो. इथे उभी हयात काढली तरी नोकरी सुटली की बिऱ्हाड आवरावं लागतं, म्हणून चाळिशीच्या आसपास माणूस पुढची सोय बघायला लागतो. मग पॉइंट, आयईएलटीएस, मेडिकल, पोलिसांचा दाखला आणि एक दिवस टोरांटोला सहकुटुंब 'लँडिंग'. वहिनी आणि मुलं मिसिसागात थांबतात, दादा रजा संपताच परत. तिकडे इंजिनिअरला लायसन्ससाठी कॅनडातलाच अनुभव लागायचा आणि अनुभवासाठी नोकरी लागायची. ओंटारिओच्या इंजिनिअरांच्या नियामक संस्थेने ही अट 2023 मध्ये काढून टाकली, तेव्हा आम्ही दादांचं अभिनंदन केलं. ते म्हणाले, "अट गेली खरी, पण तोवर माझं वयही गेलं."

कॅनडाचा कायदा तसा दिलदार आहे. पाच वर्षांत 730 दिवस देशात काढा, तुमचं कायमपण शाबूत. उरलेली तीन वर्षं खुशाल कुठेही उंडारा. पण यूएईत रजा मिळते वर्षाला 30 दिवस. पाच वर्षांचे झाले 150. बाकीचे 580 आणायचे कुठून? त्यातून पहिली पाच वर्षं सरली की हिशेब रोज एक घर पुढे सरकतो. आजचा एक दिवस जमा होतो आणि त्याच वेळी पाच वर्षांपूर्वीचा एक गळून पडतो. फुटक्या रांजणात पाणी भरावं तसं हे काम, आणि दादा ते लॅपटॉपवर करतात.

त्यांच्या एक्सेलला तीन रकाने आहेत. पहिला कॅनडाचा. दुसरा यूएईचा: सलग 180 दिवसांच्या वर बाहेर राहिलं की इथला व्हिसा बाद, म्हणजे कॅनडात बसायचं तेही बेतानं. तिसरा भारताचा: आर्थिक वर्षात 182 दिवस भरले तर प्राप्तिकराच्या लेखी तुम्ही निवासी. एक देश म्हणतो या, दुसरा म्हणतो फार जाऊ नका, तिसरा म्हणतो फार येऊ नका. डोंबिवलीची आई फोनवर "या खेपेला किती दिवस?" असं विचारते, तेव्हा ती कोणत्या रकान्याचं विचारतेय हे दादांना चटकन कळत नाही.

या विद्येत त्यांनी काही बारकावे शोधले आहेत. कॅनडात दिवसाचा तुकडाही पूर्ण दिवस धरतात. त्यामुळे रात्री साडेअकराला टोरांटोला टेकणारं विमान दिसलं की दादांचे डोळे चमकतात. अर्ध्या तासात एक अख्खा दिवस खिशात. एकदा तसंच विमान पकडलं आणि ते धावपट्टीवर उतरलं बारा वाजून चार मिनिटांनी. सामान आलं नसतं तर चाललं असतं, असं ते आजही म्हणतात.

नोकरी गेली की गल्फमध्ये माणसाचं तोंड उतरतं. दादांना कंपनीने एकदा काढलं तेव्हा त्यांनी करामातून पेढे आणले. नव्या नोकरीत रुजू होईपर्यंत पाच महिने मिसिसागात काढता आले ना! आणि 2020 मध्ये विमानं बंद झाली तेव्हा दादा नेमके तिकडे होते. सगळं जग हवालदिल, आणि हा मनुष्य रोज सकाळी उठून एकेक दिवस जमा करतोय. लॉकडाउन वाढला अशी बातमी आली, की त्यांच्या आवाजातला आनंद लपत नसे. वहिनींनी शेवटी ताकीद दिली, निदान शेजाऱ्यांसमोर तरी हसू नका.

पुराव्याची फाइल हा दादांचा खरा संसार. कॅनडातून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारायला कुणी बसलेलंच नसतं. आता विमान कंपन्याच जाणाऱ्यांची माहिती सरकारला कळवतात. पण सरकारवर किती विसंबायचं हे मराठी माणसाला कुणी शिकवू नये. म्हणून दादा कॅनडात असले की दिवसाला एक तरी पावती करतात. दुधाची, पार्किंगची, टिम हॉर्टन्सच्या कॉफीची. कॉफी त्यांना सोसत नाही. ती ओततात, पावती ठेवतात. या पावत्या पडल्या त्या गुळगुळीत थर्मल कागदाच्या. शारजाच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत फाइल राहिली आणि काही पावत्या करड्या पडल्या, काही पार कोऱ्या झाल्या. एका जुलैत दादांचे अडतीस दिवस असे उडून गेले. तेव्हापासून प्रत्येक पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स, झेरॉक्सवर तारीख, तारखेखाली सही. सही कशाला, असं आम्ही विचारलं. "असावी," म्हणाले.

टॅक्सचा विषय मात्र काढू नये. इमिग्रेशनच्या कागदांवर दादा छातीठोकपणे लिहितात, की माझं घर, माझी बायको, माझी मुलं, सगळं कॅनडात. तिथलं कर खातं रहिवासी ठरवताना नेमकं हेच विचारतं: घर कुठे, बायको कुठे, मुलं कुठे? तेव्हा दादा म्हणतात, "छे हो, माझं तिथे आहे काय!" ब्रॅम्प्टनचा त्यांचा हिशेबनीस एकदा कळवळून म्हणाला, की साहेब, दोन्ही खाती एकाच सरकारची आहेत. दादांना हा सरकारचा विश्वासघात वाटला.

त्यांचा पराक्रम म्हणजे बफेलोची स्वारी. कायमच्या रहिवाशाचं ओळखपत्र, म्हणजे पीआर कार्ड, पाच वर्षांनी संपतं, आणि दादांचं ते शारजात असताना संपलं. वैध कार्ड किंवा वकिलातीचा प्रवासी कागद नसेल तर विमान कंपनी बसू देत नाही. खासगी गाडीने अमेरिकेच्या बाजूने सरहद्दीवर गेलात, तर तिथला अधिकारी कागद बघून ठरवतो. दादांकडे अमेरिकेचा व्हिसा होता. बफेलोला उतरले, मित्राची गाडी घेतली आणि पीस ब्रिजवर हजर झाले. खिडकीतल्या अधिकाऱ्याने विचारलं, "राहता कुठे?"

दादा म्हणाले, "कायद्याने की देहाने?"

मित्राने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. गाडी बाजूला लावायला सांगून दोघांना आत बसवलं. दीड तासाने दादांनी फाइल उघडली, झेरॉक्सचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि 741 दिवस पाढे म्हणावेत तसे म्हणायला सुरुवात केली. मार्चच्या मध्यावर अधिकाऱ्याने हात जोडल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. "अजून अकरा दिवस जास्तीचे होते माझ्याकडे," हे सांगताना दादांना अजून हळहळ वाटते, की ते बघायचे राहिले.

इतकं करून दादा मिसिसागाच्या घरी पोचतात तेव्हा पाहुण्यासारखे सोफ्याच्या कडेला बसतात. कोणत्या बुधवारी कोणता कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, हे त्यांना धाकट्याला विचारावं लागतं. एकदा उत्साहाने त्यांनी सगळे डबे ठेवले. गाडी एकच रिकामा करून गेली. बाकीचे मुलाने एक अक्षर न बोलता आत ओढले.

गेल्या वर्षी वहिनींनी नागरिकत्वाची शपथ घेतली. त्यांचे 1095 दिवस केव्हाच भरले होते, तेही एकही पावती न ठेवता. दादांनी सोहळा शारजातून व्हिडिओवर बघितला आणि त्याच रात्री कायदा पुन्हा वाचायला घेतला. त्यात त्यांना घबाड सापडलं: कॅनडाच्या नागरिक असलेल्या पती किंवा पत्नीच्या सोबत परदेशात काढलेले दिवसही कॅनडातलेच धरले जातात. म्हणजे वहिनी शारजाच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिल्या, की त्या टू-बीएचकेत कॅनडा अवतरणार! सल्लागाराने मेख दाखवली, की त्यासाठी दोघं एरवी एकत्र राहत असली पाहिजेत.

"आम्ही लग्न झाल्यापासून एकत्रच राहतो," दादा म्हणाले, "फक्त वेगवेगळ्या देशांत."

मग स्पीकरवर वहिनींना फोन लागला. आम्ही तिघं-चौघं चहाला बसलेलो होतोच.

"अगं, तू इकडे येतेस का राहायला?"

"अहो, माझी नोकरी आहे इथे. रजा वर्षाला दोन आठवडे. त्यातला एक मुलांच्या दातांच्या डॉक्टरात जातो."

"म्हणजे सात."

"काय सात?"

दादा लॅपटॉप उघडत होते. "साता पाचे पस्तीस," ते आमच्याकडे वळून म्हणाले. "विमान अलीकडे-पलीकडे धरलं तर चाळीस. काही वाईट नाही."