आदर्श कसा टांगावा

प्रत्येक घरात एक तरी आदर्श असावा, याबद्दल आता दुमत राहिलेलं नाही. शाळेत 'माझा आवडता नेता' लिहायला लागतो, नोकरीच्या मुलाखतीत 'तुमचे आदर्श कोण?' असं विचारतात, आणि रंगकाम झाल्यावर दिवाणखान्याची एक भिंत उगाचच मोकळी दिसू लागते. अडचण असते ती निवडीची आणि त्याहून अधिक देखभालीची. आदर्श निवडताना हयगय झाल्यामुळे सुखाने चाललेल्या संसारांची वाताहत झाल्याची उदाहरणं महाराष्ट्रात भरपूर आहेत. ज्यांना आदर्श हवा आहे, पण त्याचा जाच नको, अशा कुटुंबवत्सल वाचकांसाठी ही मार्गदर्शिका.

सर्वप्रथम, आदर्श मृत असावा. जिवंत माणूस उद्या काय बोलेल, कोणत्या पक्षात जाईल आणि कशाची जाहिरात करील याचा नेम नसतो. निधनाला निदान अर्धशतक उलटलेलं बरं. तोवर त्याला ओळखणारी माणसंही बहुतेक गेलेली असतात आणि 'ते असं कधीच म्हणाले नव्हते' असं कोणी म्हणत नाही. शिवाय तो शक्यतो आपल्या समाजातला असावा. ही वाटणी आधीच्या पिढ्यांनी चोख करून ठेवली आहे. चौकातल्या फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांची आडनावं वाचली, की वरचा फोटो आपला की त्यांचा, ते लगेच कळतं.

निवड झाली, की आदर्शाचं आयुष्य एका गोष्टीवर आणावं. लोकमान्य टिळकांच्या बाबतीत हे काम शाळाखात्याने उत्तम केलं आहे. 1908 ते 1914 ही मंडालेच्या तुरुंगातली वर्षं, तिथे लिहिलेलं 'गीतारहस्य', 'केसरी'चे अग्रलेख हे सगळं बाजूला सारून शेंगांची टरफलं तेवढी ठेवली आहेत. विद्यार्थ्याला ती जन्मभर पुरतात. गोष्ट मात्र पारखून घ्यावी लागते, कारण एकाच माणसाच्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. सचिन तेंडुलकर घ्या. (जिवंत आहे, पण त्याला नियमातून सूट द्यावीच लागते, नाहीतर मुंबईत ही मार्गदर्शिका कोणी वाचणार नाही.) रमाकांत आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे आणि शेवटपर्यंत नाबाद राहिला तर ते सचिनचं व्हायचं, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. तीत बक्षीस आहे, आणि पालकांचा खर्च एक रुपया. जानेवारी 2004 मधल्या सिडनीच्या कसोटीची सांगू नये. त्या दौऱ्यात ऑफच्या बाहेरचे चेंडू मारताना तो बाद होत होता, म्हणून या पठ्ठ्याने आपला सगळ्यात देखणा फटका, कव्हर ड्राइव्ह, मिटून खिशात घातला आणि त्याच्याविना नाबाद 241 केल्या. आपल्याला जे सर्वात छान जमतं तेच गरज पडली तर दिवसभर करायचं नाही, असं काही मुलाच्या डोक्यात शिरलं तर पुढचं कोण निस्तरणार?

आता टाळावयाचे आदर्श. गोपाळ गणेश आगरकर हे नाव उच्चारायला सोपं आणि रस्त्याच्या पाटीला शोभेसं असलं, तरी घरात आणू नये. या गृहस्थांची पुण्यातल्या विरोधकांनी ते हयात असताना प्रेतयात्रा काढली होती. एवढं होऊनही त्यांनी 'सुधारक' चालूच ठेवला, यावरून त्यांच्या स्वभावाचा अंदाज यावा. कर्वे हे आडनाव घेताना तर विशेष दक्षता हवी, कारण बाजारात दोन मिळतात. धोंडो केशव यांनी 1893 मध्ये विधवेशी विवाह केला म्हणून मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. पण पुढे 1958 मध्ये भारतरत्न मिळालं आणि आयुष्य 104 वर्षांचं लाभलं, तेव्हा झालं गेलं समाजाने विसरून टाकलं. ही तसबीर लावायला हरकत नाही. त्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली, मग 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' चालवून अश्लीलतेचे खटले आणि दंड ओढवून घेतले. फोटो घेताना नाव पूर्ण वाचावं.

तसबिरीची उंची महत्त्वाची. ती डोळ्यांच्या रेषेत आली, तर घरातल्या कर्त्या पुरुषाची आणि आदर्शाची नजरानजर होते आणि संध्याकाळी पाकिटातली रक्कम मोजताना संकोच वाटतो. छताखाली हातभर अंतरावर खिळा ठोकावा. हार चंदनाचा घ्यावा. तो सुकत नाही, त्यामुळे आदर्शाकडे वर्षभर पाहण्याचं कारण उरत नाही.

वर्षातून एकदा मात्र पाहावं लागतं. कोणाची जयंती कधी साजरी करायची याचं परिपत्रक राज्य शासन दर वर्षी काढतं आणि कार्यालयांना ते पुरतं. काटकसरीच्या दृष्टीने 1 ऑगस्ट हा दिवस अनुकरणीय आहे. 1920 सालच्या त्या एकाच दिवशी मुंबईत टिळकांचं निधन झालं आणि वाटेगावला अण्णा भाऊ साठे जन्मले. पुण्यतिथी आणि जयंती एकाच टेबलावर, एकाच नारळात, एकाच अध्यक्षांच्या हस्ते उरकते. भाषणात एकाचा विचार दुसऱ्याच्या तोंडी गेला तरी टाळ्या तेवढ्याच पडतात, आणि चहा थंड व्हायच्या आत माणसं आपापल्या टेबलावर परततात.

गाडगेबाबांनी मात्र आयोजकांची फार पंचाईत करून ठेवली आहे. त्यांना कोणी शिष्य नको होता. पाया पडायला वाकलेल्याला ते काठी दाखवायचे, असं जुनी माणसं सांगतात. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून घाम फोडायचे. अशा माणसाला हार घालायचा तरी कुठे? यावर निघालेला तोडगा असा: पाहुण्यांसाठी नवे कोरे खराटे आणावेत, मुठीला रिबीन बांधावी, आणि ज्या रस्त्यावर ते चालवायचे तो रस्ता आदल्या रात्री सफाई कामगारांकडून झाडून घ्यावा. फोटोपुरता पाचोळा ते पहाटे पुन्हा टाकून देतात.

इथवर कोणालाही जमतं. खरा धोका पुस्तकांचा आहे.

आदर्शाने लिहिलेलं वाचू नये, हा या मार्गदर्शिकेतला सर्वात कळीचा नियम. डॉ. आंबेडकरांचं उदाहरण पाहा. 18 जानेवारी 1943 रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीला त्यांना बोलावलं होतं. चार गौरवाचे शब्द बोलून बसावं, तर त्यांनी मोठा माणूस कशाने मोठा ठरतो हाच प्रश्न काढला, आणि विभूतिपूजेने देशाचं काय होतं तेही जयंतीच्याच व्यासपीठावरून सांगितलं. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत पुन्हा तेच. धर्मातली भक्ती आत्म्याला तारील, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा इशारा होता. आता भक्ताने करायचं काय? आज्ञा पाळावी तर भक्ती सोडावी लागते, भक्ती करावी तर आज्ञा मोडते. राज्य शासनाने 1979 पासून त्यांच्या लेखनाचे आणि भाषणांचे जाड खंड काढले आहेत. रानड्यांवरचं भाषण पहिल्याच खंडात आहे, तेव्हा निदान तो खंड तरी काचेच्या कपाटात, कुलपाआड असावा.

स्वतः आंबेडकरांनी हा नियम मोडला होता. बुद्ध आणि कबीर यांच्या जोडीला त्यांनी जोतीराव फुल्यांना गुरू मानलं. भेट झालेली नव्हती. फुले नोव्हेंबर 1890 मध्ये गेले आणि आंबेडकर पुढच्या एप्रिलमध्ये जन्मले. तसबिरीवर भागलं असतं. पण यांनी फुल्यांचं काम पुढे नेलं आणि शूद्र कोण होते याचा शोध घेणारा 1946 चा ग्रंथ त्यांना अर्पण केला. एवढा आदर्श सामान्य माणसाला परवडत नाही.

जिवंत गुरू केल्यास काय होतं, ते गांधींनी लिहून ठेवलं आहे. 1896 मध्ये ते पुढाऱ्यांना भेटत हिंडत होते. त्यांना फिरोजशहा मेहता हिमालयासारखे भासले, टिळक समुद्रासारखे आणि गोखले गंगेसारखे. हिमालय चढवत नाही, समुद्रात उतरायची भीती, गंगेत मात्र स्नान करता येतं, म्हणून गोखले. निवडीचा हा निकष आम्हालाही मान्य आहे. पुढचं नाही. गोखल्यांना 'हिंद स्वराज' कच्चं वाटलं, तरी गांधींनी ते मागे घेतलं नाही. उलट, 1915 मध्ये देशात परतल्यावर गोखल्यांनी वर्षभर नुसतं फिरून पाहायला सांगितलं, तर ते पाळलं. आणि तेही गुरू त्याच फेब्रुवारीत वारलेले असताना. म्हणजे पटलं नाही तिथे ऐकायचं नाही आणि दिलेला शब्द बघायला कोणी नसताना पाळायचा. याला काय गुरुभक्ती म्हणायचं? आणि याच गंगेत आणखी एक जण उतरला होता. बॅरिस्टर जिनांना तरुणपणी मुसलमानांचा गोखले व्हायचं होतं. कोण कोणत्या काठाला लागलं ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून म्हणतो, भिंत बरी.

काही जण भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूताचा दाखला देतात. त्याने म्हणे 24 गुरू केले होते आणि संत एकनाथांनी त्यांच्यावर ओव्यांमागून ओव्या लिहिल्या. ती यादी या मार्गदर्शिकेच्या कोणत्याच नियमात बसत नाही. तीत पृथ्वी आहे, अजगर आहे, गळाला लागलेला मासा आहे. कसं वागू नये हे शिकवणारेही गुरूच! एक तर साधी मुलगी आहे. पाहुणे आले असताना ती भात कांडत होती, बांगड्या किणकिणल्या तर घरचं दारिद्र्य कळेल म्हणून तिने एकेक उतरवत प्रत्येक हातात एकच ठेवली. एवढ्यावरून अवधूत तिला गुरू करून मोकळा. ना तिचं नाव, ना जयंती, ना सुट्टी. हा पायंडा पडला तर पोळ्या करायला येणाऱ्या मावशीही यादीत येतील, ज्या स्वतःचा खाडा स्वतःच कॅलेंडरवर मांडतात आणि महिनाअखेर तेवढे पैसे कापून घ्यायला लावतात. अशा जवळच्या माणसांना आदर्श करू नये. त्या रोज सकाळी साडेसातला येतात. तोंड चुकवायचं कुठे?

शेवटी, सर्व काळजी घेऊनही घरातल्या एखाद्या मुलाला आदर्श लागल्यास. लक्षणं सहसा लग्नसराईत दिसतात. मुलगा 'शेतकऱ्याचा असूड' वाचत बसतो, हुंड्याचा विषय निघाला की पंगतीतून उठतो, पत्रिका कशाला बघायच्या असं मामांनाच विचारतो. घाबरू नये. प्रथमोपचार म्हणून 'ते थोर होते रे बाबा, आपण साधी माणसं' हे वाक्य दिवसातून तीनदा, जेवणानंतर म्हणावं. आजीने म्हटल्यास गुण लवकर येतो. आठवडाभरात उतार न पडल्यास त्याला पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला घालावं. तिथे मुलाखतीच्या तयारीत 'तुमचे आदर्श कोण?' याचं उत्तर दीड मिनिटात बसवून देतात. एक समाजसुधारक, एक शास्त्रज्ञ, आणि वेळ उरल्यास आई.