तूर्त तहकूब

महसूल खात्यात अव्वल कारकुनी करून निवृत्त झाल्यामुळे, माझ्या संमतीवाचून माझ्या अंमलातले पानही हलत नाही, असा एक सात्त्विक अहंकार मी अद्याप बाळगून आहे. आणि लघवीचा कारभार तर हुबेहूब आमच्या खात्याच्या शिरस्त्यानेच चालतो, हे वाचल्यापासून तो अंमळ वाढलाच होता.

मूत्राशयात दीड-दोनशे मिलिलिटर जमा झाले, की मज्जारज्जूच्या शेपटाशी बसलेल्या तलाठ्याकडे पहिली वर्दी जाते. तो प्रकरण वर, मस्तिष्कसेतूतल्या मामलेदाराकडे धाडतो. ही कचेरी बॅरिंग्टन नामक इंग्रज शल्यवैद्याने मांजरांवर प्रयोग करून 1925 साली हुडकली. मामलेदाराची मंजुरी सुटली, की पिशवीचा स्नायू आवळतो आणि त्याच क्षणी दाराचा स्नायू सैल पडतो. दोन टेबलांचे असे तत्काळ एकमत आमच्या कचेरीत झाल्याचे मला तरी स्मरत नाही. तोवर अनुकंपी मज्जातंतू साठवणुकीचा बंदोबस्त राखतात आणि कपाळामागे, अग्रमेंदूत बसलेला कलेक्टर प्रत्येक अर्जावर ‘तूर्त तहकूब’ असा शेरा मारीत राहतो. या पदावर मी स्वतःची नेमणूक करून घेतली होती, हे सांगणे नलगे.

बंजाऱ्यांच्या पोहरादेवी या तीर्थक्षेत्री रामनवमीच्या दर्शनरांगेत, नगारा घुमू लागला असता, तलाठ्याचे तगादे असे सुरू झाले, की कलेक्टरची शाई वाळून गेली. लक्ष वळवावे म्हणून पुढच्या वृद्धेच्या कांचळीवरची भिंगे मी मोजू लागलो. उन्हाने तिचे ओठ तडकले होते. “याडी, घोटभर पाणी घ्या,” म्हणून मी बाटली पुढे केली.

“पाणी पिऊन जाऊ कुठं, बाप्पा?”

मला निदान बाभळीचा आडोसा होता. तिने आवकच बंद केली होती. विदर्भातल्या चैत्रात, पहाटे तांडा सोडल्यापासून. पुढे लघवीला आग होते, जंतू साठतात, ताप भरतो, आणि तेही ती मुकाट्याने सोसणार. यात्रा कुठलीही असो, मंडप, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांच्या मोटारी यांची जागा नकाशात आधी मुक्रर करणाऱ्यांना एकदा याच रांगेत, याच उन्हात, बाटलीभर पाणी पाजून उभे करावे, असे मला संतापाने वाटले.

माझ्या पायांची चाललेली चाळवाचाळव तिने एव्हाना ओळखली होती.

“जाऊन या तुम्ही. नंबर राखते मी.”

आणि कलेक्टरसाहेब धोतराचा सोगा सावरीत, लेखी हुकमाची वाट न पाहता, बाभळींच्या रोखाने धावले.