सतरा सेक्टरचे शेतकरी

अस्सल शेतकरी पाहायचा असेल तर माणसानं चंदीगडच्या सेक्टर १७ मध्ये जावं, असं माझं अलीकडे मत झालं आहे. तिथं संध्याकाळी जेवढे शेतकरी एका वेळी दिसतात, तेवढे आपल्याकडे मार्केट यार्डात लिलावालाही दिसत नाहीत. ओळखायचे कसे? अगदी सोपं. ज्याच्या गाडीला मागे हौदा, तो शेतकरी. पायात पांढरेशुभ्र बूट असले आणि हातात थंड कॉफीचा पेला असला तरीही.

या सेक्टरची गंमत अशी, की ल कॉर्बुझिए या वास्तुकारानं तो पायी चालणाऱ्यांसाठी आखला. शहर त्यानं आठशे बाय बाराशे मीटरच्या चौकटींत कापलं, रस्त्यांना व्ही-१ पासून व्ही-७ पर्यंत इयत्ता लावून दिल्या आणि शहराच्या या काळजात मात्र मोटारीला पाऊल टाकू द्यायचं नाही, असं फर्मानात लिहून ठेवलं. कारंजं, नीलम थिएटर, चार मजली काँक्रीटच्या इमारती, त्यांच्याखालचे ऐसपैस व्हरांडे, सगळीकडे माणूस स्वतःच्या पायांनी हिंडतो. म्हणजे होतं काय, की दगडधोंड्यांतून, चिखलातून, नदीनाल्यातून जायचं वचन देणारी सव्वापाच मीटर लांबीची गाडी घेऊन माणूस इथवर येतो, पार्किंगवाल्याशी हुज्जत घालून ती दोन गाड्यांच्या जागेत तिरकी लावतो आणि उरलेला प्रवास चपलेवर करतो. शेताच्या बांधावरची वाट व्ही-कितवी, हे कॉर्बुझिएनं लिहून ठेवलेलं नाही. त्याला तशी गरजही वाटली नसावी.

आमचे साडू चंदीगडलाच सरकारी प्रयोगशाळेत होते. आता निवृत्त झाले आहेत. मूळ गाव संगमनेर तालुक्यात. तिथं दोन एकर जमीन आहे, त्यातला एक एकर भावकीच्या वादात आणि दुसरा पुतण्या कसतो. निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने गावी काढायचे, असं त्यांनी ठरवलं आहे, आणि गाव म्हटल्यावर पिकअप आलीच. ‘येणंजाणं खेड्यातलं आहे हो,’ असं ते सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावं, की गावाला अजून पांदीतूनच जावं लागतं. वास्तविक त्यांच्या वाड्याच्या दारापर्यंत डांबरी सडक आहे आणि एसटी त्यांच्या ओट्यासमोर थांबते.

इंडियन कॉफी हाउसमध्ये त्यांनी माझ्यासमोर कागद पसरले. एकीकडे इसुझूची व्ही-क्रॉस, दुसरीकडे टोयोटाची हायलक्स. व्ही-क्रॉस २०१६ पासून आपल्याकडे मिळते. हायलक्स २०२२ मध्ये आली ती ३३.९९ लाखांपासून पुढे. ५०० न्यूटन-मीटरचा जोर, चारही चाकांना ओढ, डिफरन्शियल लॉक. साडूंनी प्रत्येक आकड्याखाली लाल रेघ ओढली होती.

‘पाण्यातून किती खोल जाते, ते बघा,’ ते म्हणाले.

‘पण तुमच्याकडे पाणी आहे कुठं?’

‘कालव्याला आवर्तन येतं ना!’

आवर्तन आलं की अख्खा गाव कालव्याकडे धावतो तो पाणी शेतात घ्यायला. त्यात गाडी घालणारा साडूंसारखा पहिलाच निघेल. ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, इतका वेळ डोसा संपवत होत्या. त्यांनी एकच विचारलं, ‘भाजीची पिशवी कुठं ठेवायची? हौद्यात? आणि पाऊस आला तर?’ कागदावर त्याचं उत्तर नव्हतं. मग त्यांनी दुसरं विचारलं, की एवढ्या उंचावर चढायचं कसं, गुडघे माझे आहेत. साडू म्हणाले, पायरी बसवून मिळते, वेगळे पैसे पडतात. मोटारीच्या धंद्यात ‘वेगळे पैसे पडतात’ हे शब्द आले, की समजावं गाडी घ्यायचं पक्कं झालं.

कॉफीनंतर पार्किंगमध्ये उभी असलेली अशीच एक पिकअप त्यांनी मला दाखवली. दाखवली म्हणजे दर्शन घडवलं. काळी कुळकुळीत, छातीएवढी चाकं, नाकाडावर लोखंडी गजांचं कोंडाळं. असले गज लावू नका, असं केंद्रीय वाहतूक मंत्रालयानं २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना कळवलं होतं. कारण धडकेत ते पादचाऱ्याला तर इजा करतातच, आतल्या माणसालाही. पण मंत्रालय दिल्लीत असतं आणि रुबाब चंदीगडमध्ये. हौद्यावर कडक काळं झाकण होतं. मालक आला, सज्जन माणूस, आमचं कुतूहल पाहून त्यानं स्वतःच झाकण उघडलं. आत प्लास्टिकचं अस्तर, त्यावर कंपनीचा कागदी शिक्का अजून जसाच्या तसा, आणि एका कोपऱ्यात शर्टाच्या खोक्याची एक पिशवी. एवढंच. सबंध हौद्यात एक शर्ट, तोही घडीचा.

‘हे इतकं मोठं कशाला लागतं?’ मी विचारलं.

‘पिंड जाना पैंदा है जी,’ तो म्हणाला. गावी जावं लागतं.

‘शेवटचं कधी गेला होतात?’

त्यानं आठवून पाहिलं. ‘लोहडीला.’

लोहडी जानेवारीतली. आम्ही बोलत होतो तेव्हा जुलै चालू होता.

रोजचा तिचा रस्ता कुठला, हे विचारायची गरज नव्हती. सेक्टर १०-११ कडे गेडी रूट म्हणून जो प्रसिद्ध रस्ता आहे, तिथं या गाड्या संध्याकाळी एकामागून एक फिरतात. गेडी मारणं म्हणजे कुठंही न जाता जात राहणं. त्या कामाला चारही चाकांची ओढ फार उपयोगी पडत असावी, कारण कुठंच जायचं नसलं की बळ जास्त लागतं.

पंजाबच्या शेतकऱ्याची थट्टा मात्र कुणी करू नये. तो या पार्किंगमध्ये नसतो. २०२० च्या नोव्हेंबरात तो दिल्लीच्या सीमेवर गेला तो ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून, आणि वर्षभर त्याच ट्रॉलीत ताडपत्री ताणून राहिला. त्याचा ट्रॅक्टर शेजारच्या मोहालीत १९७४ पासून बनतो आहे. पाण्यातून किती खोल जातो, असं त्यानं विकत घेताना विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

पिकअपचं घराणंही तसं इथलंच म्हणायचं. १९४५ मध्ये लुधियान्यात पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी निघाली, तेव्हा चंदीगड नकाशावरही नव्हतं. फाळणी झाली. भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. लाहोर तिकडे गेलं म्हणून इकडे पंजाबला राजधानी बांधावी लागली, आणि नाव बदललेल्या कंपनीनं विलीज जीप जुळवायला घेतल्या. त्याच कुळातली बोलेरो २००० साली आली, नाशिकच्या कारखान्यातून. पुण्यात टेल्कोनं १९८८ मध्येच टाटामोबाइल २०६ काढली होती आणि २००५ मध्ये ‘एस’ आणली. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, सोळा अश्वशक्ती आणि पाऊण टन माल. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं. सोळा अश्वशक्ती ऐकून साडूंच्या चेहऱ्यावर जी दया उमटली, ती मी विसरणार नाही.

त्यांच्या पुतण्याकडे बोलेरो पिकअप आहे. आता खेड्यातलं येणंजाणं म्हणजे काय, ते तिच्याकडून ऐकावं. पहाटे चारला ती मळ्यात उभी असते. रात्री तोडून ठेवलेला टोमॅटो क्रेटमध्ये भरलेला असतो, एका क्रेटमध्ये वीस किलो. गाडीची क्षमता १७०० किलो, म्हणजे क्रेटचं वजन सोडलं तर कायद्यानं पंच्याऐंशी क्रेट बसतात. प्रत्यक्षात किती बसतात हे पुतण्या सांगत नाही. वरच्या थरावरून दोर टाकून, गुडघा टेकवून, दात खाऊन तो आवळतो तेव्हा मागचे पाटे आडवे होतात आणि गाडी प्रथमच शांत चालते. या गाड्यांचे पाटे ओझ्यासाठीच घडवलेले असतात. रिकामी पळवली की ती खड्ड्याखड्ड्याला उसळते. चंदीगडच्या गुळगुळीत रस्त्यांवर ते कुणाच्या लक्षात येत नाही, ही कॉर्बुझिएची कृपा.

नारायणगावला माल उतरवला की परतीचं भाडं शोधायचं. कधी खताच्या गोण्या, कधी कुणाचं घरसामान, कधी पीव्हीसी पाइप, जे मागे दहा हात बाहेर येतात आणि टोकाला लाल फडकं बांधलेलं असतं. हंगामात शर्यतीचे बैल. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या मे महिन्यात बैलगाडा शर्यतींना मोकळीक दिल्यापासून या प्रवाशांचा मान वाढला आहे. हौद्यात आधी माती आणि वर पेंढा अंथरतात, पाय घसरू नये म्हणून. बैलांची तोंडं पुढच्या गजाला आखूड बांधतात. मालक केबिनमध्ये बसत नाही. तो मागे बैलाशेजारी उभा राहतो, एक हात वशिंडावर, आणि ड्रायव्हरनं जरा जोरात ब्रेक मारला की छतावर थाप मारून त्याच्या घराण्याचा उद्धार करतो. लाखांच्या बैलाला असा प्रवास, आणि शर्टाच्या खोक्याला कडक झाकण, प्लास्टिकचं अस्तर, वर डिफरन्शियल लॉक.

आणि हा पुतण्या स्वतः तालुक्याला जातो कशानं? मोटारसायकलनं. पुण्याला? एसटीनं. पिकअप घेऊन कागदपत्रांच्या कामाला जायचं त्याच्या स्वप्नातही येत नाही. ‘डिझेल काय फुकट मिळतं काय?’

कायद्याचीही यात एक मजा आहे. पुतण्याच्या गाडीला पिवळी पाटी. तिच्यात माल न्यायचा, माणसं न्यायची नाहीत. पण लग्नसराईत वऱ्हाड तिच्यातूनच जातं, विसर्जनाला गणपती आणि निम्मी आळी तिच्यातूनच जाते, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. साडूंच्या गाडीला पांढरी पाटी लागणार. तिच्यात माणसं न्यायची, भाड्याचा माल न्यायचा नाही. वजनाला ती बोलेरोच्या पुढे, पण ओझं मात्र तिच्या निम्म्यानंही उचलायचं नाही. एकीचा हौदा कायदा मोडून भरलेला, दुसरीचा कायदा पाळून रिकामा. बडा घर पोकळ वासा ही म्हण आपल्याकडे फार आधी तयार झाली. तिला बसेल असा हौदा जपानी लोकांनी नंतर बनवला.

पाटीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गाड्यांच्या नोंदणीचं कार्यालयही सेक्टर १७ मध्येच आहे. पसंतीचे नंबर तिथूनच लिलावानं मिळतात. २०२२ मध्ये एका गृहस्थांनी ०००१ या नंबरासाठी १५.४४ लाख रुपये मोजले. गाडी कुठली? सत्तर-एकाहत्तर हजारांची ॲक्टिव्हा. २०२५ मध्ये नव्या मालिकेतला तोच नंबर ३६.४३ लाखांना गेला. म्हणजे हायलक्सपेक्षा तिच्या पाटीवरचा आकडा महाग. नारायणगावच्या लिलावात टोमॅटो पडला की शेतकरी क्रेट रस्त्यावर ओततो. सेक्टर १७ च्या लिलावात आकडा कधी पडत नाही, आणि तो पिकवायला पाणीही लागत नाही. शेती करायचीच असेल तर ही करावी, असं मी साडूंना सुचवून पाहिलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. मात्र ०००७ नंबरची चौकशी केली.

शेवटी दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये गेलो. विक्रेता तरुण होता, तोंडानं चुरचुरीत. त्यानं पडद्यावर गाडी हिमालयात नेली, वाळवंटात नेली, एका नदीत घातली. हौद्यावर तंबू कसा लावता येतो, ते दाखवलं. साडूंनी तिथूनच गावी पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल गाडीभोवती फिरवला. पुतण्या टोमॅटोच्या मांडवात उभा होता. बराच वेळ पाहत राहिला.

‘काका, क्रेट किती बसतील?’

साडूंनी विक्रेत्याकडे पाहिलं. विक्रेत्यानं कागद चाळला. हौद्याची लांबी होती, रुंदी होती, खोली होती. क्रेट नव्हते. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि पुन्हा तंबू दाखवू लागला.

‘राहू द्या,’ पुतण्या म्हणाला. ‘किंमत काय?’

साडूंनी सांगितली. मांडवात शांतता पसरली. बहुधा तो मनातल्या मनात त्या पैशांच्या पिकअप मोजत असावा. आता हा काकांना अडवणार, असं मला वाटलं. ताईंनाही वाटलं, कारण त्या पर्समधून चष्मा काढून पुढे सरकल्या.

‘घ्या काका, घ्या,’ तो म्हणाला. ‘लग्नसराईत नवरदेवाला देऊ. फुलं लावली की झकास दिसंल. सबंध तालुक्यात असली गाडी नाही.’

‘अरे, पण पांढरी पाटी आहे. भाड्यानं देता येत नाही.’

‘ते मी बघतो. तुम्ही फक्त तो हौद्यावरचा काळा टोप काढून आणा. त्याच्यावर डीजेचे बॉक्स बसणार नाहीत.’