चौथ्या सीटवरचे कॉम्रेड

विरार लोकलच्या बाकड्यावर तिघांची जागा असते आणि चौघे बसतात. चौथा बसतो असं आपलं म्हणायचं. त्याची एक मांडी बाकावर, दुसरी हवेत, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाची बॅग त्याच्याच गुडघ्यावर आपटणार. तरी चौथ्या सीटसाठी ‘जरा सरका ना’ चालूच असतं. कारण ती मिळाली की शेजाऱ्याला हळूच विचारता येतं, ‘‘काका, कुठे उतरणार?’’ काका ‘अंधेरी’ म्हणाले की अंधेरीनंतरचं आयुष्य मार्गी लागलं.

चिनी कम्युनिस्ट पक्षाने हीच चौथी सीट आपल्या घटनेत घालून ठेवली आहे. तिला तिकडे पर्यायी सदस्यत्व म्हणतात. ऑक्टोबर २०२२ मधल्या विसाव्या अधिवेशनात केंद्रीय समितीवर २०५ पूर्ण सदस्य निवडले गेले आणि १७१ पर्यायी. पर्यायी सदस्याने बैठकीला यायचं, भाषणं ऐकायची, वहीत टिपून घ्यायची. मत द्यायचं नाही. पूर्ण सदस्याची जागा रिकामी झाली की पर्यायींना रांगेने आत घेतात आणि रांग लागते ती अधिवेशनात मिळालेल्या मतांप्रमाणे. म्हणजे ‘कुठे उतरणार?’ हा प्रश्न बीजिंगमध्येही आहे, फक्त मोठ्याने विचारायचा नाही.

फरक आहे तो उतरण्यात. आपल्याकडे विरार गाडीत चढलेल्या बोरिवलीवाल्याला उतरू देत नाहीत. तिकडे ज्याला उतरायचंच नाही त्यालाही उतरवतात. जुलै २०२४ च्या बैठकीत माजी परराष्ट्रमंत्री छिन गांग यांचा समितीचा राजीनामा मंजूर झाला, माजी संरक्षणमंत्री ली शांगफू यांच्या हकालपट्टीवर शिक्का बसला, आणि तीन पर्यायी बाकावर नीट टेकले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर एकदम ११ जणांना जागा मिळाली. एवढी गाडी आपल्याकडे दादरलाही रिकामी होत नाही.

या चौथ्या सीटला कुणी हसू नये. १९९७ च्या पंधराव्या अधिवेशनात १५१ पर्यायी सदस्य निवडले गेले. मतांच्या क्रमाने लावलेल्या त्या यादीत अगदी शेवटी, १५१ वं नाव होतं शी जिनपिंग यांचं. आज अख्खा डबा त्यांचा आहे आणि कोण कुठे उतरणार हे तेच सांगतात.

आमच्या वसई-विरार महापालिकेतही बिनमताची सीट आहे. तिचं नाव स्वीकृत नगरसेवक. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ही सोय केली, ती पालिका कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांसाठी. पूर्वी महापालिकेत असे पाच जण घेता येत. २०२३ मध्ये नियम बदलला: निवडून आलेल्यांच्या दहा टक्के किंवा दहा, यातला लहान आकडा. आमचे नगरसेवक ११५, तेव्हा ज्ञानी दहा. शहराचं ज्ञान एका दुरुस्तीत दुप्पट झालं.

या ज्ञानासाठी नियमांत दारं ठरलेली आहेत. डॉक्टर, शिक्षणतज्ज्ञ, सनदी लेखापाल, अभियंता, वकील, निवृत्त पालिका अधिकारी आणि शेवटी सामाजिक संस्थेचा पदाधिकारी. महाराष्ट्रभर बघा, गर्दी असते ती या शेवटच्या दारावर. निवडणुकीत पडलेला, तिकीट कापलेला, अर्ज मागे घ्यायला लावलेला, असे सगळे अनुभवी इथूनच चढतात. पडण्याचा अनुभव हाही अनुभवच, कायद्याने तो कशाचा असावा एवढंच जरा सैल ठेवलंय.

पण चिनी पर्यायी सदस्याला जी आशा आहे, ती आमच्या स्वीकृताला नाही. एखाद्या नगरसेवकाची जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होते, स्वीकृत सरकत नाही. त्याला मत नाही, महापौर होता येत नाही, समितीचा सभापती होता येत नाही. त्याने शेजाऱ्याला ‘कुठे उतरणार?’ विचारायची सोयच नाही. तरीही ही रांग का? कारण गाडीच्या काचेवर ‘नगरसेवक’ लिहिता येतं. नाक्यावरच्या बॅनरवर ‘नगरसेवक’ हा शब्द फूटभर असतो आणि ‘स्वीकृत’ वाचायला चष्मा लागतो.

मात्र बिनमताच्या सदस्यांना हसायचा अधिकार आम्हा वसईकरांना कितपत आहे, याचा विचार करायला हवा. जून २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर साडेपाच वर्षं प्रशासक होते. महासभा तेच, स्थायी समितीही तेच. ठराव मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमलात आणणारा एकच, त्यामुळे एकमत कधी मोडलं नाही. बीजिंगमध्ये निदान २०५ हात वर करायला माणसं बोलवावी लागतात. त्या काळात नायगावपासून विरारपर्यंत आम्ही घरपट्टी भरली, टँकरची वाट पाहिली, निवेदनं दिली, भाषणं ऐकली. मत द्यायचं नव्हतं. यालाच पर्यायी सदस्य म्हणतात, आणि आमची संख्या १७१ हून बरीच जास्त होती.

१५ जानेवारी २०२६ ला अखेर आम्ही मत दिलं आणि बाकावर सरकून बसलो. आता एक करा. स्वीकृत सदस्यांना कायद्याने मत नाकारलंय, तोंड नाही. सभागृहात बोलायची त्यांना पूर्ण मुभा आहे. म्हणून त्यांचा सत्कार ठेवाल तेव्हा शाल देण्याआधी विचारा: अभियंता असाल तर पहिल्याच पावसात नालासोपारा का तुंबतो यावर सभेत काय बोललात? लेखापाल असाल तर अंदाजपत्रकावर काय बोललात? उत्तर आलं तर शाल द्या. नाही आलं तर नारळ द्या.